चिकटलेला पिस्टन

१

सोलापूरजवळ कुंभारीच्या पुढच्या माळावर त्या रविवारी जुन्या गाड्यांची शर्यत होती. सोमेश बगले पहिल्याच फेरीत गेला.

पाहणारे पुष्कळ होते आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. सोमेशची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. लांब सरळ पट्टा आला तशी त्यानं मूठ पूर्ण पिळली. गाडी किंचाळत सुटली आणि मधेच आवाज बंद झाला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडी आडवी झाली आणि सोमेश हँडलवरून उडून शेताच्या दगडी बांधावर पडला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण मान गेली होती. लोक धावत पोचले तेव्हा गाडीतून नुसता धूर निघत होता.

गाडी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची होती. माळावर, खडकावर पळवायची, उंच चाकांची, टू-स्ट्रोक इंजिनाची. केम गावच्या स्टेशनजवळच्या एका कोंबड्यांच्या शेडमध्ये ती सोमेशला सापडली होती. तिच्या टाकीत तेव्हा उंदरांचं घर होतं. दोन वर्षं खपून त्यानं ती उभी केली. जुनी गाडी, तरुण पोरगा, अपघात झाला, असंच सगळे म्हणाले.

सहायक पोलीस निरीक्षक भुवनेश्वरी बिराजदार यांनाही तसंच वाटलं होतं. त्या मैंदर्गीकडच्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या. बोलायला सावकाश, आणि समोरचा बोलत असताना मधे न बोलण्याची त्यांना सवय. गाडी ठाण्याच्या आवारात आणून त्यांनी मोटार निरीक्षकाकडून खोलून घेतली. इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. प्लगचं टोक राखेसारखं पांढरं झालं होतं.

"इंजिनाला पेट्रोल कमी पडलंय," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. आतला, पेट्रोल मोजून सोडणारा पितळी जेट काढून उजेडात धरला. सुईच्या नेढ्याएवढ्या त्या भोकात तांब्याच्या तारेचा एक बारीक धागा होता. पडू नये म्हणून त्याचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं होतं.

"मॅडम, हे आपोआप जात नाही," ते म्हणाले.

२

तारेची गोष्ट भुवनेश्वरींनी बाहेर फुटू दिली नाही. घरच्यांना एवढंच कळवलं की गाडीत कुणीतरी हात घातलेला दिसतोय.

दुसऱ्याच दिवशी सोमेशचे वडील ठाण्यात आले. गुरप्पा बगले, सोमेशचे अप्पा, अक्कलकोट रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. डिझेल इंजिनांत सगळा जन्म गेलेला. बोटं जाड, नखं कायमची काळी. बायको सुंदरम्मा केव्हाच गेली होती. घरात ते, मुलगा आणि सून अंकिता एवढीच माणसं. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

"मल्हारला धरा," ते म्हणाले. "त्यानंच केलंय. लोकांसमोर म्हणला हुता, माझ्या हातचं नको आसंल तर मर तिकडं. विचारा कुणालाबी."

मल्हार म्हणजे सोमेशचा मिस्त्री. मूळचा सांगोल्याकडचा. घरी मेंढरं, पण हा लहानपणीच सोलापुरात येऊन दुचाकींच्या कामाला लागला होता. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन लोक लांबून त्याच्याकडं यायचे.

"भांडण कशावरून?"

"कार्बोरेटरवरनं. सोमेश म्हणायचा, जुना झिजलाय, फेकून दे, पुण्याहून नवा आणू. ह्यो म्हणायचा, मी जुनाच नीट करतो. शेवटी यानं जुनाच बसवला. आन् पोरगं गेलं." गुरप्पांचा आवाज फाटला. "बाईसाहेब, ज्यानं माझ्या पोराच्या गाडीला हात लावला त्याला सोडू नका. मी पाया पडतो तुमच्या."

ते खरंच वाकले. भुवनेश्वरींनी त्यांना खांद्याला धरून वर उठवलं.

संध्याकाळपर्यंत मल्हारच्या दुकानावर कुणीतरी दगड मारले होते. त्याला ठाण्यात आणून बसवलं ते चौकशीसाठी, आणि थोडं त्याच्याच जिवासाठी.

३

मल्हार बाकावर बसला होता. डोळे सुजलेले.

"मर तिकडं म्हणालात?"

"व्हय. म्हणलो. रागात म्हणलो." त्यानं मान वर केली नाही. "दुसऱ्या दिवशी तोच च्या घिऊन आला माझ्याकडं. म्हणला, कर बाबा जुनाच. मी सगळा उकलून धुतला, नवी सुई टाकली, नवी वायसरं टाकली. शनिवारी संध्याकाळी आमी दोघांनी गाडी पळवून बघितली. प्लग काढला तर कसा, बिस्किटागत तांबूस. आसाच पायजे आसतो."

भुवनेश्वरींनी जेट त्याच्यापुढं ठेवला. तार तशीच होती.

मल्हारनं तो उचलला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग त्यानं तो हळूच खाली ठेवला, भाजल्यासारखा.

"कुणी केलं ह्ये?"

"तुम्हीच सांगा. यानं काय होतं?"

"ह्या गाडीला ऑईल येगळं न्हाय मॅडम. पेट्रोलातच मिसळत्यात. पेट्रोल कमी गेलं की ऑईलबी कमी जातं. वर गरमी वाढती. पिस्टन फुगतो आन् चिकटतो. चाक लॉक."

"मग गाडी सुरू करताना कळलं कसं नाही?"

"हळू चालवताना पेट्रोल दुसऱ्या भोकातनं येतं. ह्यो जेट लागतो मूठ पुरी पिळल्यावर." तो थांबला. "सरळ पट्ट्यावर."

"शर्यतीआधी तुम्ही गाडी तपासली?"

"मी त्याच रातीला वैरागला पावण्यांकडं गेलो हुतो, तिकडनंच सकाळी थेट माळावर आलो. गाडी टेंपोतनं आदीच आलती. वरवर बघितली. पाईप तेवढा बदलेला दिसला. म्हणलं सोमेशनं बदलला आसंल."

"कुठला पाईप?"

"टाकीतनं कार्बोरेटरला पेट्रोल येतंय त्यो. मी पारदर्शक घालतो, पेट्रोल वाहताना दिसाय पायजे म्हणून. त्या दिवशी तितं काळा हुता. जाड. दोन्ही टोकांना तार पिळून आवळलेला."

कार्बोरेटरची वाटी सोडवायची तर तो पाईप आधी काढावा लागतो, हे भुवनेश्वरींनी आवारात पाहिलं होतं. त्या उठून बाहेर गेल्या. गाडीला पाईप अजून होता. काळा, जाड, नवाकोरा. कापलेलं टोक सरळ, पिळलेली तार व्यवस्थित आत वळवलेली, हाताला लागू नये अशी.

ज्यानं जीव घ्यायला तार घातली, त्यानं पाईप इतक्या काळजीनं का बदलावा?

४

शहाजी जाधव सोमेशचा प्रतिस्पर्धी. गेल्या वर्षी सोमेश पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा शर्यत शहाजीनं जिंकली होती. रविवारी दोघांचे तंबू शेजारी होते. सोमेश नंबर आणायला गेला तेव्हा शहाजी त्याच्या गाडीपाशी एकटाच उभा होता, असं दोघा-तिघांनी पाहिलं होतं.

"होतो की उभा," शहाजी म्हणाला. "पाना घेतला त्याचा. विचारूनच घेतला."

"तुम्हाला त्याला हरवायचं होतं."

"हरवायचं होतं, म्हणजे त्यानं पळायला पाहिजे की नाही मॅडम? तो नसताना जिंकून मला काय मिळालं गेल्या वर्षी? लोक म्हणाले, सोमेश पडला म्हणून जिंकलास." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "गाडीत काय केलं होतं ते तुम्ही सांगत नाही. पण मला धूर दिसला, चाक थांबलेलं दिसलं. पेट्रोल कमी केलं होतं ना कुणीतरी?"

भुवनेश्वरी वहीत लिहीत राहिल्या.

"आमच्यातलं कुणी करणार नाही हे. या गाड्या चालवणाऱ्या कुणालाही विचारा. पेट्रोल कमी म्हणजे मरण, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. एखाद्याला नुसतं मागं पाडायचं तर प्लगची वायर ढिली करतील. गाडी बंद पडते, माणूस घरी जातो."

"म्हणजे करणाऱ्याला मारायचंच होतं."

"नाहीतर त्याला माहीतच नव्हतं," शहाजी सहज म्हणाला.

भुवनेश्वरींचा पेन थांबला.

"सोमेश त्या दिवशी कसा होता?"

"लई खुशीत. टेंपोतून गाडी उतरवताना हसत होता. मी म्हटलं, काय रे, एवढं काय मिळालं? तर म्हणाला, आज पहिल्यांदा अप्पांनी माझ्या गाडीला हात लावला."

५

अंकिता शाळेत शिकवायची. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि भुवनेश्वरी तिच्यासमोर पाटावर. घर रिकामं होतं. गुरप्पा शेजारच्या वर्कशॉपमध्ये होते.

"शर्यत तुम्हाला पसंत नव्हती?"

"मागच्या वर्षी ते पडले तेव्हापासून नाही. पण ते ऐकायचे कुठे? शनिवारी मी खूप रडले. मामांसमोरच, म्हणजे सासऱ्यांसमोरच रडले." ती पदराशी चाळा करत होती. "रविवारी सकाळी उठून मीच त्यांचा फोटो काढला. म्हटलं, जाणारच आहेत तर हसून जाऊ देत."

"बघू?"

मोबाइलमध्ये फोटो होता. वर्कशॉपच्या दारात सोमेश गाडीवर बसलेला, केस ओले, कपाळाला विभूती. त्याच्या गुडघ्याशेजारी पेट्रोलचा पाईप दिसत होता. पारदर्शक.

"यानंतर?"

"ते सिद्धेश्वराला जाऊन आले. मग टेंपो आला, गाडी चढवली, गेले."

"देवळात गेले तेव्हा गाडी कुठं होती?"

"तिथेच, वर्कशॉपमध्ये."

आयोजकांनी माळाच्या फाटकाशी आलेल्या प्रत्येक गाडीचा फोटो काढला होता. तो भुवनेश्वरींकडे आधीच आला होता. सोमेशची गाडी टेंपोतून नुकतीच उतरलेली, आणि पाईप काळा. म्हणजे माळावर पोचायच्या आधीच काम झालं होतं. शहाजी त्यातून सुटला. मल्हार वैरागहून थेट माळावर आला होता, हे पाहुण्यांनीही सांगितलं होतं; तोही सुटला. सोमेश देवळात असताना झालं, आणि वर्कशॉपमध्येच झालं.

"त्या वेळी तुमचे सासरे काय करत होते?"

"कामात होते." अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "टेंपो गेल्यावर मी पुन्हा रडायला लागले, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, रडू नको पोरी, आज त्याची गाडी पळायची न्हाय. मला धीर द्यायला म्हणाले बिचारे."

भुवनेश्वरींना ते घर एकदम फार लहान वाटू लागलं.

६

वर्कशॉपमध्ये एका ट्रॅक्टरचं बॉनेट उघडं होतं, पण काम चाललेलं नव्हतं. गुरप्पा स्टुलावर बसून होते. मागच्या खिळ्याला काळ्या, जाड डिझेलच्या पाईपचं वेटोळं टांगलेलं होतं.

"सापडला काय?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"एक विचारायचं होतं. ट्रॅक्टरचं इंजिन लई जोरात पळत असेल तर तुम्ही काय करता?"

गुरप्पांना प्रश्नाचं नवल वाटलं, पण उत्तर तयार होतं. "पंपाचा स्क्रू आत घ्यायचा. डिझेल कमी सोडायचं. इंजिन गप चालतंय. गरमी कमी, धूर कमी. म्हातारं होईस्तोवर टिकतंय."

पुढचा प्रश्न भुवनेश्वरींनी कानडीत विचारला. या प्रश्नाला त्यांना सरकारी मराठी नको होती.

"अप्पा, तंती नीव हाकिदिरेन्री?"

"तार?" गुरप्पा म्हणाले. "हौदु. मीच घातली."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चोरी पकडली गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला वाटतो तेवढाच ओशाळेपणा होता.

"सून रातभर रडत हुती. त्याला सांगून ऐकत न्हवता. म्हणलं, गाडीचा जोर तेवढा कमी करावा. मागं ऱ्हाईल, हरंल, पण घरी यील. पूर्वी पेट्रोल वाचवाय लोक मोपेडात आशीच तार घालायचे, म्या बघितलंय की. काय हुईत न्हवतं त्यांना."

"आणि पाईप?"

"जुना पाईप टोकाला चिरला हुता. गरम इंजिनावर पेट्रोल गळलं आसतं तर पेट घेतला आसता. दुसरा घातला." ते उठून पुढं आले. "पण ह्ये तुमाला कुणी सांगितलं? आन् त्याचा हितं काय संबंध? तार घातली म्हणूनच तर जोर कमी झाला आसंल. तरीबी पोरगं गेलं. मारणारा दुसरा हाय बाईसाहेब. त्यानं काय केलं ते बघा की!"

भुवनेश्वरींनी नजर खाली वळवली. गुरप्पा त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. पाहता पाहता त्यांचा हात ट्रॅक्टरच्या चाकावर टेकला.

"मला मल्हारकडं न्या," ते म्हणाले. "त्याला कळतंय. मी त्याला विचारतो."

७

मल्हार त्यांना बघून उभा राहिला. शिव्या ऐकायच्या तयारीनं त्यानं मान खाली घातली.

"मल्हार," गुरप्पा म्हणाले, "जेटात तार घातली तर इंजिन गार पडतंय की न्हाय?"

मल्हारनं वर पाहिलं. गुरप्पांकडं, मग दारातल्या भुवनेश्वरींकडं, मग पुन्हा गुरप्पांकडं. त्याला समजलं. दुकान फुटलेलं, नाव खराब झालेलं, आणि सुटका एका शब्दावर होती.

"पडतंय की काका," तो म्हणाला. "तारेनं काय हुतंय? काय हुईत न्हाय. चूक माझीच हाय. सुई ढिली ऱ्हायली आसंल माझ्या हातनं."

"तुझ्या हातनं सुई ढिली ऱ्हात न्हाय," गुरप्पा सावकाश म्हणाले. "सोमेश जेवताना रोज सांगायचा. मी ऐकत न्हवतो, पण कानावर यायचं. खरं सांग."

मल्हार भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. तेवढ्यानं गुरप्पांना उत्तर मिळालं.

ते खाली बसले. बाक होता, तरी जमिनीवर बसले. दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला कळलं आसंल का? शेवटी?"

"तारेचं नाही," भुवनेश्वरी म्हणाल्या. पुढचं सांगावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग वाटलं, हे त्या माणसाचं आहे, आपण ठेवून घ्यायचं नाही. "पाईप तुम्ही बदललात हे त्यानं ओळखलं होतं. खुशीत होता. शहाजीला म्हणाला, आज पहिल्यांदा अप्पांनी माझ्या गाडीला हात लावला."

मल्हार येऊन गुरप्पांच्या शेजारी जमिनीवर बसला.

८

मल्हारला त्याच दुपारी सोडलं. गुन्हा निष्काळजीपणाचा लागणार होता. खुनाचा नव्हता. गुरप्पांना त्यात काही फरक वाटला नाही. त्यांनी एकच मागितलं. अंकिताला त्यांनी स्वतः सांगायचं, दुसऱ्या कुणी नाही.

जीप दारात उभी राहिली. भुवनेश्वरी अंगणातच थांबल्या. दार उघडं होतं, म्हणून सगळं ऐकू येत होतं. गुरप्पांनी काही लपवलं नाही. तार, पाईप, डिझेलचं इंजिन, मल्हारचं रडणं, एकामागून एक सांगत गेले. सांगून झाल्यावर आत इतकं शांत झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची घरघर मोठी वाटली.

मग अंकिताचा आवाज आला. "मीच म्हणाले होते तुम्हाला. शनिवारी. मामा, काहीतरी करा, पण त्यांना थांबवा."

"तू थांबवा म्हणलीस. तार मी घातली."

"मी रडले नसते तर..."

"न्हाय." गुरप्पांचा आवाज एकदम करडा झाला. "ह्ये तू घ्यायचं न्हाय. तू अजून लई जगायचीस. ह्ये माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. जीपपर्यंत चालत आले आणि मागच्या दाराशी थबकले. अंकिता उंबऱ्यात उभी होती. भुवनेश्वरींना वाटलं, ती आता ओरडेल किंवा दार लावून घेईल. तिनं तसं केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

ती आत गेली आणि चपला घेऊन आली. खाली वाकून तिनं त्या गुरप्पांच्या पायांपुढं सरळ करून ठेवल्या. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यांचा डावा गुडघा वाकत नाही. जीपची पायरी उंच आहे. हात धरून चढवा."

भुवनेश्वरींनी हात पुढं केला. पण गुरप्पा तसेच उभे राहिले. त्यांना चपलांत पाय घालायला जमत नव्हतं. शेवटी अंकिताच पुढं आली, एका हातानं तिनं त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं पाय चपलेत सरकवून, उचलून पायरीवर ठेवला.